पिल्लांची ऊब: थर्मामीटर भिंतीवर नको, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर हवा

पहिल्या खेपेला माझी कोंबडीची २५ पैकी ९ पिल्लं दोन रात्रींत गेली, आणि दोन्ही रात्री थर्मामीटर ३३ अंश दाखवत होता. थर्मामीटरचा दोष नव्हता. मी तो भिंतीवरच्या खिळ्याला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर टांगला होता. डिसेंबरचा मधला आठवडा. इंदूरपासून महू रस्त्यानं पुढे गेलं की आमचं छोटं शेत आहे, तिथल्या खोलीत मी पिल्लं सोडली, रूम हीटर लावला, दार ओढून घेतलं आणि खोली उबदार झाली म्हणून समाधानानं झोपले. गरम हवा वर चढून छताशी बसली. खाली फरशीवर, जिथे ती तीस-तीस ग्रॅमची पिल्लं होती, तिथे दुसऱ्या दिवशी थर्मामीटर ठेवून पाहिला तर जेमतेम २२.

सकाळी खोलीच्या कोपऱ्यात सगळ्यांचा एक ढीग होता. वरची जिवंत होती. खालची थंडीनं नाही, एकमेकांच्या वजनाखाली गुदमरून मेली होती.

त्याच आठवड्यात देवासहून मामी आली. माहेरी तिनं आयुष्यभर गावठी कोंबड्या पाळलेल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, कोंबडी कधी सगळं अंगण तापवते का? ती एका जागी बसते. पिल्लं बाहेर जातात, टिपतात, गारठली की पुन्हा तिच्या पोटाखाली शिरतात. जायचं केव्हा आणि यायचं केव्हा, ते पिल्लू ठरवतं. तू त्यांना यायला जागाच ठेवली नाहीस, बाई.”

पुढच्या खेपांमध्ये मी जे काही सुधारलं ते या एका बोलण्यावरून. ब्रूडर म्हणजे तापवलेली खोली नव्हे. एक ऊबेची जागा, तिच्यापासून लांब जावं तसा उतरत जाणारा गारवा, आणि या दोन्हींमध्ये पिल्लाला मोकळेपणानं फिरता येणं, इतकं जमलं की ब्रूडर झाला.

पिल्लाला इतकी ऊब लागते तरी का

मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं त्याहून अंशभर कमी, आणि मुख्य म्हणजे ते त्याला स्वतःच्या बळावर टिकवता येत नाही. अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. ती ओली झाली की तीही उपयोगाची नाही. साधारण १० ते १४ दिवसांनी अंगातली उष्णता सांभाळण्याची यंत्रणा बऱ्यापैकी चालू होते आणि नीट पिसं भरायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर उसनी ऊब लागते.

दुसरी गोष्ट पोटातल्या बलकाची. २१ व्या दिवशी बाहेर पडण्याच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काढू शकतं, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून दूरवर पाठवता येतात. पण पिल्लू गारठलं तर हा बलक नीट जिरत नाही. पहिल्या रात्रीच्या थंडीचा परिणाम कधी कधी पाचव्या दिवशी दिसतो. फुगलेलं पोट, मरगळ, मान टाकणं सुरू होतं आणि आपण दोष खाद्याला देत बसतो.

आमच्याकडे हा विषय जास्त निघतो तो कडकनाथ या काळ्या मांसाच्या कोंबडीमुळे. झाबुआ इथून १५० किलोमीटरवर. तिथल्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं आणि तेव्हापासून इंदूरच्या आसपास शेत असलेल्या दर चौथ्या माणसाला पंचवीस-पन्नास पिल्लं ठेवावीशी वाटतात. कडकनाथची कोंबडी अंडी बरी देते, पण खुडूक बसण्यात, म्हणजे अंडी उबवायला बसण्यात, कच्ची. म्हणजे आईची ऊब मिळायची शक्यता कमी, आणि दाईचं काम आपल्याकडेच येतं. खाली जे लिहिलं आहे ते २५ ते ५० पिल्लांच्या हिशेबानं आहे. गावठी, कडकनाथ, ब्रॉयलर, कोणाचीही पिल्लं असोत, पहिल्या आठवड्यातली गरज सारखीच असते.

जागा आणि रिंगण

पिल्लं यायच्या आधी जागेचं काम उरकायचं. खोलीत वारा नको, पण खोली बंद पेटीही नको. माझी कसोटी साधी आहे. उदबत्ती पेटवून फरशीपासून चार बोटांवर धरायची आणि खोलीभर फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पळाला तर पिल्लांच्या उंचीवर झोत आहे, आणि तो बहुतेक वेळा दाराखालच्या फटीतून येतो. फट गोणपाटानं बुजवा. वरचा झरोका मात्र उघडाच राहू द्या, कोंडलेली ओली हवा आणि शिटेतून सुटणारा अमोनिया बाहेर जायला तोच रस्ता.

फरशीवर दोन इंच गादी. भाताचं तूस उत्तम. आमच्या भागात भात फारसा नाही, म्हणून मी सुताराकडून रंध्याचा कुरळा छिलका आणते. करवतीचा बारीक भुसा नको. पिल्लं तो खातात आणि डोळ्यांतही जातो. पहिले दोन-तीन दिवस गादीवर कागद अंथरतात, म्हणजे पिल्लं दाण्याऐवजी तूस टिपत नाहीत. इथे एक चूक सर्रास होते, ती म्हणजे गुळगुळीत वर्तमानपत्र. त्यावर पाय घसरून फाकतात आणि दोन दिवसांत पिल्लू कायमचं अधू होतं. खोक्याचा खरबरीत, नागमोडी पुठ्ठा घाला किंवा जाड टिश्यू पेपर. गोणपाट घातलं तर दोऱ्यात नखं अडकतात.

आता रिंगण, म्हणजे चिक गार्ड. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा दीड फूट उंचीच्या पट्ट्यांत कापून गोल जोडायचा. २५ पिल्लांना चार फूट व्यासाचं रिंगण पुरतं, ५० ना साडेपाच-सहा फूट. गोलच हवं. माझ्या नऊ पिल्लांनी कोपऱ्यात जीव दिला, म्हणून हे मी जरा जोरानं सांगते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रिंगण रोज थोडं सैल करत जायचं आणि दहा-बारा दिवसांनी काढून टाकायचं. काढल्यावर खोलीचे चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करून घ्यायचे.

बल्ब: इथे बाजारातच घोळ होतो

घरात आता सगळे एलईडी. परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी फोनवर सांगितलं, “ताई, चार-चार बल्ब लावलेत, तरी पिल्लं ओरडतात.” चारही नऊ वॅटचे एलईडी. उजेड लग्नाच्या मांडवासारखा आणि ऊब नावालाही नाही. ब्रूडरला जुना पिवळा तारेचा बल्ब लागतो, ज्यात वीज उजेडापेक्षा कितीतरी जास्त उष्णतेत जाते. घरासाठी जो त्याचा दोष, तोच इथे गुण. आता हे बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही. दिसले की चार-पाच जास्तीचे घेऊन ठेवा.

ढोबळ हिशेब पिल्लामागे दोन वॅटचा. २५ पिल्लांना ५० वॅट. पण हा हिशेब बऱ्या हवेचा आहे. डिसेंबर-जानेवारीत इंदूरचा पारा रात्री आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याखालीही, आणि शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रींचं, कौतुक करणाऱ्यांनी पिल्लं पाळलेली नसावीत. हिवाळ्यात मी २५ पिल्लांवर १०० वॅटचे दोन बल्ब टांगते आणि तापमान वॅटवर नाही, उंचीवर जुळवते. एका मोठ्या बल्बपेक्षा दोन लहान बरे, कारण बल्ब उडतो तो हमखास रात्री अडीचला. दोन्ही वेगवेगळ्या प्लगवर असतील तर आणखी बरं.

२५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा शंभराच्या आसपास पिल्लांना ठीक आहे. चार फुटी रिंगणात तो पिल्लांना भाजून काढेल, कारण पळायला गार जागाच उरत नाही. सिरॅमिक हीटर मिळाला तर चांगला. तो ऊब देतो, उजेड देत नाही, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर रात्री अंधार करता येतो. फुटू नये म्हणून टेफ्लॉनचा थर दिलेले काही दिवे मिळतात, ते कोंबड्यांच्या जवळपासही आणू नका. तापलेल्या टेफ्लॉनचा धूर पक्ष्यांना मारतो.

टांगायचं कसं? वायरवर कधीच नाही. बल्ब लोखंडी साखळीनं आढ्याला अडकवा, आणि शिवाय एक तार वेगळी बांधा, म्हणजे साखळी निसटली तरी बल्ब हवेत राहील. कोरडं तूस आणि तापलेला बल्ब यांची भेट झाली तर पिल्लं सोडाच, खोली जाते. साखळीचा दुसरा फायदा असा की एक-एक कडी सोडत उंची बदलता येते. सुरुवात गादीपासून सव्वा ते दीड फुटावर करा. वर पत्र्याची परात किंवा मोठी शेड उपडी बसवली तर ऊब वर न जाता खाली राहते.

बल्ब रिंगणाच्या बरोबर मध्ये टांगतात, मोठ्या रिंगणात ते योग्यच. चार फुटाच्या लहान रिंगणात मी तो एका बाजूला सरकवते. मग बल्बखाली ३५, दाणा-पाण्याजवळ ३०-३१ आणि समोरच्या कडेला २६-२७ असा उतार मिळतो. मामीच्या भाषेत सांगायचं तर एका टोकाला कोंबडीचं पोट, दुसऱ्या टोकाला अंगण.

थर्मामीटर

वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. सेन्सर गादीपासून दोन इंचांवर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, बल्बच्या ऊबेच्या कडेशी ठेवा. जमलं तर दुसरा समोरच्या गार टोकाला. खिळ्यावर नको. माझा तो खिळा अजून भिंतीत आहे, मुद्दाम काढला नाही.

नवा थर्मामीटर आणला की त्याची परीक्षा घ्या. पेल्यात बर्फाचा चुरा भरा, तो भिजेल इतकंच पाणी घाला, ढवळा आणि सेन्सर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाच मिनिटं आत धरा. शून्य दाखवायला हवं. दोन दाखवत असेल तर त्या थर्मामीटरच्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा करायचे आणि तसं त्याच्यावर पेननं लिहून ठेवायचं.

आठवड्यांचे आकडे असे, सगळे बल्बखालचे आणि पिल्लाच्या उंचीवरचे:

पहिला आठवडा ३५ पासून ३२ पर्यंत
दुसरा ३२ ते २९
तिसरा २९ ते २७
चौथा २६ ते २४
पाचवा २३ ते २१, आणि हवा बरी असेल तर बल्बला सुट्टी

आठवड्याला सुमारे तीन अंश, असं लक्षात ठेवलं की झालं. हे तीन अंश रविवारी एकदम उतरवू नका. दर दोन-तीन दिवसांनी साखळीची एक कडी वर घ्या.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी

ब्रूडर २४ तास आधी चालू करा. हवा तासाभरात तापते, फरशी आणि गादी तापायला दिवस लागतो. थंड गादीवर ठेवलेलं पिल्लू पायांतून गारठतं, वर कितीही बल्ब असोत. पिल्लं यायच्या आधी तळहात गादीत खुपसून पाहा. आतली फरशी गार लागली तर अजून वेळ आहे. आदल्या रात्रीची ही रंगीत तालीम दुसऱ्याही कारणानं महत्त्वाची आहे. पहाटे चार-पाचच्या सुमारास तुमची खोली किती उतरते ते कळतं. संध्याकाळी सातला ३५ जुळवून झोपलात तर पहाटे २८ झालेले असतात.

पाणीही तीन-चार तास आधी भरून ब्रूडरमध्येच ठेवा, म्हणजे ते कोमट होतं. डिसेंबरात टाकीचं पाणी थेट दिलं तर दोन घोटांत पिल्लू आतून गारठतं. लांबून आलेल्या पिल्लांना पहिल्या पाण्यात थोडा गूळ विरघळवते, लिटरला मूठभर. इलेक्ट्रोलाइटची पूड असेल तर ती पाकिटावरच्या प्रमाणात. गुळाचं पाणी काही तासांनी फेकून साधं पाणी भरायचं, नाहीतर ते आंबतं आणि पिल्लं चिकट होतात. भांड्याच्या कडेत काचेच्या गोट्या घातल्या की पिल्लू पाण्यात पडून भिजत नाही.

पिल्लं आली

खोकं उघडल्याबरोबर सगळी ओतू नका. एक-एक उचला, चोचीचं टोक पाण्यात अलगद बुडवा, घोट गेला की बल्बजवळ सोडा. वेळ लागतो, पण त्यातच तुमची मोजणी होते आणि अशक्त कोण तेही कळतं. कडकनाथची पिल्लं काळीभोर, सगळी सारखी, म्हणून मी दहा-दहाचे गट मोजून कागदावर रेघा ओढते.

उचललेल्या पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहा. पाय कोमट लागायला हवेत. गार लागले तर थर्मामीटर काहीही म्हणो, फरशी थंड आहे. आमचा धाकटा भाऊ मला हसतो, “ताई पिल्लांचे पाय गालाला लावते म्हणजे आता आरती ओवाळणार.” ओवाळीन. पहिल्या खेपेला हे ठाऊक असतं तर नऊ वाचली असती.

पाणी पिऊन तास-दोन तास झाले की दाणा. पहिल्या दिवशी पुठ्ठ्यावरच मक्याची बारीक भरड पसरते, नंतर चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. पुठ्ठ्यावर बोटानं टकटक केलं की पिल्लं धावत येतात, कारण कोंबडी चोचीनं हेच करते. रात्री झोपण्याआधी पाच-सहा पिल्लांची गळ्याखालची दाण्याची पिशवी दोन बोटांनी चाचपा. भरलेली आणि मऊ असेल तर ऊब, पाणी, दाणा तिन्ही जुळले. कडक लागली तर दाणा खाल्ला पण पाणी नाही. रिकामी असेल तर बहुधा पिल्लं गारठली आहेत, आणि गारठलेलं पिल्लू ऊब सोडून दाण्यापर्यंत जातच नाही.

पिल्लांकडे बघायचं कसं

आता खरं काम. दाराशी दोन मिनिटं न बोलता उभं राहायचं, कारण आपण वाकलो की पिल्लं पांगतात आणि काही कळत नाही.

बल्बखाली दाटीवाटीनं, एकमेकांवर चढून बसलेली आणि मोठ्यानं, तीव्र, न थांबणारी चिवचिव म्हणजे थंडी. बल्ब दोन इंच खाली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. एकदम सहा इंच खाली आणायचा मोह होतो, तो आवरा.

बल्बपासून लांब कडेला चिकटलेली, पंख अंगापासून सोडलेले, चोच उघडून धापा, आणि आवाज जवळजवळ नाही, म्हणजे गरमी. ही शांतता फसवी असते. नवखा माणूस म्हणतो, वा, किती गुणी पिल्लं. गरम झालेली पिल्लं पाणी पितात पण खात नाहीत, आणि तासा-दोन तासांत माना टाकतात. माझ्या मते थंडीपेक्षा याच्याकडे जास्त दुर्लक्ष होतं, कारण थंडीत पिल्लू ओरडून सांगतं.

सगळी एकाच बाजूला, पण बल्बच्या खालीही नाहीत आणि लांबही नाहीत? मग वारा आहे. उदबत्ती पुन्हा पेटवा. ज्या बाजूला पिल्लं नाहीत तिथून झोत येतोय.

आणि सगळं ठीक असेल तर दृश्य गावच्या बाजारासारखं दिसतं. काही दाण्यावर, काही पाण्यावर, दोन-चार उगाच धावताहेत, आणि काही बल्बच्या ऊबेच्या कडेला पाय मागे ताणून, मान गादीवर टाकून चक्क आडवी. पहिल्यांदा असं आडवं पडलेलं पिल्लू पाहून मी किंचाळले होते. मेलं वाटलं. बोट लावलं तर डोळा उघडून रागानं बघितलं आणि पुन्हा झोपलं. आवाज हळू, तुटक, समाधानाची कुजबुज म्हणावी असा.

थर्मामीटर आणि पिल्लं यांचं जमत नसेल तर पिल्लांचं ऐकायचं. खोलीत ओल असेल, फरशी गार असेल किंवा पिल्लं प्रवासानं थकलेली असतील तर ३५ लाही गारठतात. तंदुरुस्त पिल्लं पाचव्या दिवशी ३१ ला मजेत असतात. आकडा सुरुवातीला कामाचा, पुढे साखळीची कडी पिल्लांच्या वागण्यावरून हलवायची.

पहिल्या तीन रात्री मी दोन गजर लावते, एक मध्यरात्रीचा आणि एक पहाटे चारचा. त्यातला एकच जमणार असेल तर चारचा.

वीज गेली तर

शेतावरच्या विजेचं काय सांगायचं. हिवाळ्यात पहाटे दोन तास गेली तर दोन दिवसांच्या पिल्लांचा निकाल लागू शकतो, म्हणून सोय आधीच हवी. माझी सोय चार बाटल्यांची. जाड प्लास्टिकच्या बाटल्यांत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरायचं, जुन्या मोज्यात घालायचं आणि पिल्लांच्या घोळक्याच्या मध्ये आडव्या ठेवायच्या. रिंगणाला वरून अर्धं घोंगडं टाकायचं, अर्धं उघडं ठेवायचं. दर पाऊण तासानं पाणी बदलायचं. गॅसवर तापवलेल्या, जाड फडक्यात गुंडाळलेल्या विटा त्याहून जास्त वेळ ऊब धरतात. इन्व्हर्टर असेल तर त्यावर एक ६० चा बल्ब ठेवा, दोन शंभरचे घातलेत तर तो लवकर बसेल.

कोळशाची सिगडी पूर्वापार वापरतात. मातीच्या मडक्यात निखारे भरून ते रिंगणात ठेवायची पद्धतही चांगली आहे, माती हळूहळू ऊब सोडते. पण बंद खोलीत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि पिल्लांबरोबर तिथे झोपलेला माणूसही जातो. निखारे बाहेर पूर्ण लाल होऊ द्या, धूर संपला की मडकं आत आणा, झरोका उघडा ठेवा आणि त्या खोलीत कोणी झोपू नका.

उन्हाळ्यात आणि पावसात

मे महिन्यात इंदुरात दुपारी ४०-४२ असतं. पत्र्याखाली तर आणखी. तेव्हा दुपारी बल्ब बंद. खिडकीला ओलं गोणपाट लावा, पाणी दोन-दोन तासांनी बदला, पण पंखा किंवा कूलरचा झोत पिल्लांवर सोडू नका. लोक इथे चुकतात ते रात्री. दुपारच्या उकाड्यात बंद केलेला बल्ब तसाच राहतो आणि पहाटे खोली २६ वर येते. आपल्याला ती हवीहवीशी वाटते, चार दिवसांच्या पिल्लाला ती थंडीच. लूच्या दिवसांत हवा कोरडी असते, पिल्लांच्या पायांची कातडी सुरकुतते, नळ्या काडीसारख्या दिसतात. अंगातलं पाणी कमी झाल्याची ती खूण. पाण्याची भांडी वाढवा आणि खोलीत बादलीभर पाणी उघडं ठेवा, पिल्लं पोहोचणार नाहीत अशा जागी.

पावसाळ्यात बल्ब कमी वॅटचा चालतो, पण गादी ओली राहते. रोज उलथी-पालथी करा, पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस काढून टाका. ओल्या, उबदार गादीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला रक्ती हगवण येते. शिटेत रक्त दिसलं तर घरगुती उपाय नको, पशुवैद्य गाठा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे विचारायला जागा लांब नाही. रानीखेत आणि गंबोरो या रोगांच्या लसींचं वेळापत्रकही त्यांच्याकडूनच घ्या. आणि लस दिल्यावर एक-दोन दिवस बल्बची कडी वर नेऊ नका.

पहिल्या आठवड्यात बुडाशी शीट चिकटून भोक बंद झालेलं पिल्लू दिसेल. कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून, ओढाताण न करता काढा, लगेच कोरडं करा आणि बल्बखाली सोडा. एकाला झालं तर योगायोग. पाच-सहांना झालं तर तापमान बिघडलंय, वर किंवा खाली.

बल्ब काढताना

चौथा आठवडा संपत आला की पाठीवर आणि मानेवर पिसं भरलीत का ते बघा. पंखांची पिसं लवकर येतात, त्यांच्यावर जाऊ नका. पोट आणि मान उशिरा भरतात. आधी दुपारचा बल्ब बंद, मग संध्याकाळपर्यंत बंद, शेवटी रात्रीचा. जानेवारीत पाचवा आठवडा संपला तरी मी पहाटेचा बल्ब ठेवते. जूनमध्ये तिसऱ्या आठवड्यातच बल्ब उतरवलाय.

पहिली पूर्ण अंधारी रात्र जरा जपून. महिनाभर उजेडात वाढलेली पिल्लं अंधार पडला की घाबरतात आणि पुन्हा कोपऱ्यात ढीग करतात. आता प्रत्येकी पाव किलोची, म्हणजे खालच्याला पहिल्यापेक्षा जास्त भार. म्हणून ऊबेचा बल्ब काढला की त्याच जागी आठवडाभर एक झिरोचा बल्ब लावून ठेवते. तिथे एलईडी चालतो.